पोरांनी मांडलेले चार खडे



पावसानं उघडीप दिली तसं गेल्या रविवारी आम्ही वाडीवर पहिली ते चौथीच्या पोरांची इतिहासाची शाळा भरवली. फळा नाही, पुस्तक नाही. म्हाताऱ्या माणसांनी अंगणात जुन्या वस्तू मांडल्या: जातं, मासे धरायचा पाग, कोयता, काताचा एक खडा. पोरांनी जात्यावर नाचणी दळली. कात जिभेला लावून तोंडं वाकडी केली. खैराचं लाकूड शिजवून कात काढायचे म्हणून आपण कातकरी, हे एकालाही ठाऊक नव्हतं. आम्हालाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरीतल्या पोरीनं विचारलं, "आजी, जातं कुणी दिलं?" सासूनं. सासूला कुणी? तिच्या सासूनं. एका पिढीला एक खडा, असे पोरांनी चार खडे मांडले. मग आजी त्यांना घेऊन निघाली: ही जुनी विहीर, हा देवाचा दगड, ही मसणवट. परत आल्यावर पोरांनी राखेनं जमिनीवर वाडीचा नकाशा काढला.

कुणी म्हणेल, हा पोरखेळ. पण साहेब आपल्याला काय विचारतो? "पुरावा कुठाय?" 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासीनं 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवायचं असतं. त्याच्या नियम 13 मध्ये पुरावा म्हणून जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं चालतात. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे पोरांनी मांडलं तेच.

पोरांना आम्ही 1930 सालच्या जंगल सत्याग्रहाचंही सांगितलं. शिराळा तालुक्यातलं बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. तिथल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. तिकडं रायगडात चिरनेरला 25 सप्टेंबरला गोळीबार झाला, त्यात नाग्या कातकरी हुतात्मा झाला. आपल्या नावाचा माणूस म्हटल्यावर पोरं ताठ बसली.

आमचं चुकलं तेही सांगतो. आजी बोलत राहिली आणि आम्ही ऐकत बसलो. लिहून कुणीच घेतलं नाही. आता परत जाऊन लिहायचंय.

दिवाळीनंतर निम्मी वाडी कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जाते, पोरंही जातात. म्हणून सातारा-सांगलीच्या डोंगरातल्या प्रत्येक वाडीनं त्याआधी असा एक दिवस काढावा. पोरांनी विचारावं, शिकलेल्यानं वहीत लिहावं. खाली नाव, तारीख, अंगठा घ्यावा आणि एक प्रत वनहक्क समितीकडं द्यावी. स्वतःच्या दाव्याला शेजारच्या म्हाताऱ्याचा जबाब लागतो, हे विसरू नका.

सातबारावर आपलं नाव नाही. आजीच्या तोंडी आहे. ती आहे तोवर लिहून घेऊ.

जिंदाबाद!