नोंदवही कुणाच्या मालकीची?

तीन वर्षं शिकवायचं, सरकारी शिक्क्याची पदविका हातात द्यायची, उपकेंद्रात नेमायचं, रुग्ण तपासून घ्यायचे आणि मग एक दिवस सांगायचं, की तू ज्या कायद्याखाली शिकलास तो कायदाच करायचा अधिकार आम्हाला नव्हता. आसाममध्ये हे घडलं. मी स्वतः एमबीबीएस आहे आणि या प्रकरणात माझ्या व्यवसायाने जी बाजू घेतली, तिची मला लाज वाटते.

आसामने 2004 साली ग्रामीण आरोग्य नियामक प्राधिकरणाचा कायदा केला. पुढच्या वर्षी जोरहाटला ग्रामीण आरोग्यसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. पदविकाधारकाने फक्त ग्रामीण भागात काम करायचं, नियमांत दिलेलेच आजार हाताळायचे आणि यादीतलीच औषधं लिहायची, असं बंधन कायद्यातच होतं. तरीही इंडियन मेडिकल असोसिएशन गुवाहाटी उच्च न्यायालयात गेली. 30 ऑक्टोबर 2014 रोजी कायदा रद्द झाला आणि 24 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं हा संसदेचा प्रांत, आणि 1956 च्या भारतीय वैद्यकीय परिषद कायद्यातल्या कलम 10 अ नुसार केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय नवा अभ्यासक्रम काढता येत नाही, हे त्यामागचं कारण.

कायद्याच्या अंगाने या निकालाशी माझं भांडण नाही. परवानगी घ्यायची होती राज्याने. ती घेतली नाही, आणि मंत्री-सचिवांपैकी कुणाची पदवी त्यापायी रद्द झाली नाही. भोगलं ते फी भरून शिकलेल्या पोरांनी. राज्याने 2015 मध्ये दुसरा कायदा करून त्यांना सामुदायिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंदवलं, न्यायालयानेही तो वैध ठरवला, म्हणून ती निदान रस्त्यावर आली नाहीत. पण उपचार करायला शिकलेल्या माणसाला आता स्वतःच्या बळावर उपचार करता येत नाहीत.

माझा राग आहे तो माझ्या व्यवसायबंधूंच्या युक्तिवादावर. ते म्हणतात, खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का? तोही नागरिक आहे, त्यालाही एमबीबीएसच मिळाला पाहिजे. वाक्य ऐकायला उदात्त आहे. मग जा ना. ब्रह्मपुत्रेतल्या चर बेटांवर जा, गडचिरोलीतल्या भामरागडला जा, कोरचीला जा. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असा बाँड वर्षानुवर्षं घेतला गेला. वर्षाच्या सेवेसाठी असा दंड लिहून घ्यावा लागला, तिथे समान दर्जाच्या गप्पा आम्ही कोणत्या तोंडाने मारतो? आमच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले बीएएमएस बसतात. उपचार करणाऱ्यांचा दुसरा स्तर केव्हाच उभा आहे.

आणि तो नवा मुळीच नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला औषध दिलं ते एलसीपीएस आणि एलएमपी या, पदवी नसलेल्या परवानाधारक डॉक्टरांनी. 1946 साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांत निम्म्याहून कितीतरी अधिक हे परवानाधारकच होते. समितीने त्यांचं शिक्षण बंद करून एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर घडवायची शिफारस केली. समितीतल्याच काही सदस्यांनी तिला लेखी विरोध केला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि पदवीधर शहरातच राहिला.

दर्जाचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळणार नाही. पण त्याचं उत्तर तपासून मिळतं. छत्तीसगडने 2001 मध्ये असाच तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. विरोध झाला, पदविकेची नावं बदलत गेली, मुलं आंदोलनं करत राहिली आणि शेवटी अभ्यासक्रम गुंडाळला गेला. त्यातून बाहेर पडलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करत राहिले. 2010 च्या एका अभ्यासात प्राथमिक उपचारांची त्यांची जाण एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीची आढळली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत केलं, नवजात बाळांवर घरीच उपचार करायला शिकवलं आणि तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आणला. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आम्ही त्यावर टाळ्या वाजवतो. मग तीन वर्षं शिकलेला माणूस नोंदणी मागायला आला की अंगावर का धावून जातो?

डॉक्टरांची नोंदवही ही आमच्या धंद्याची कुंपणभिंत नाही. ज्याचं नाव तिच्यात आहे त्याला जाब विचारता येतो, त्याचा परवाना काढून घेता येतो, चुकीच्या औषधाबद्दल त्याला समितीसमोर उभं करता येतं. बोगस डॉक्टर नको असेल तर शिकलेल्याला नोंदवावंच लागेल. त्याला बाहेर ठेवलं तर रात्री ताप चढलेल्या पोराला घेऊन बाप सलाईनची बाटली टांगून बसलेल्या माणसाकडेच जाणार.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात कलम 32 आहे. मर्यादित परवान्याचे सामुदायिक आरोग्य प्रदाते, नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाच्या आत, ठरावीक औषधं प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत स्वतंत्रपणे देण्याची मुभा, बाकी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. संसदेचाच कायदा आहे, म्हणजे अधिकार कुणाचा हा वादही उरत नाही. केंद्राने त्याखाली वेगळी नोंदवही उघडावी, आसाम आणि छत्तीसगडच्या पदविकाधारकांची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होतील त्यांना परवाना द्यावा. दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा घ्या, शहरात दवाखाना थाटला तर परवाना रद्द करा, मी पाठिंबा देईन. आणि ज्या संघटनेला याविरुद्ध पुन्हा न्यायालयात जायचं असेल, तिने त्या उपकेंद्रांत स्वतः जाऊन राहायला तयार असलेल्या आपल्या सभासदांची यादी प्रतिज्ञापत्रासोबत जोडावी.