तिचं गाव कोणतं होतं?

मागच्या दशलक्षणात शेजारच्या वैनींनी माझ्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली. "घ्या आक्का, उपासाला वेळ बरा जातो. मी दोन रात्रींत संपवली." मीही दोन रात्रींत संपवली, खोटं कशाला बोलू? गोष्टच तशी होती. हरवलेल्या मुलींचा शोध घेणारी एक तरुण पत्रकार, वरिष्ठांशी भांडून निलंबित झालेला एक देखणा पोलीस अधिकारी, बंदरावरचं गोदाम, धो धो पाऊस, पाठलाग. पाठलागातून सवड मिळेल तसतसं दोघांचं जवळ येणं. शेवटी धाड पडते, टोळीचा म्होरक्या गोळी लागून मरतो, मुली ब्लँकेटं पांघरून गाडीत बसतात आणि तो तिला मिठीत घेतो. समाप्त.

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा वैनींनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान." तो शब्द मी आज चारचौघींत मागे घेते. का, ते सांगते.

पहिली तक्रार त्या गोदामातल्या मुलींची. तीनशे पानांच्या पुस्तकात त्या सतरा जणी आहेत आणि त्यातल्या एकीलाही धड चार वाक्यं बोलायला मिळत नाहीत. नायिकेच्या साडीचा रंग मला अजून आठवतो, पण त्या सतरांपैकी एकीचं नाव विचाराल तर सांगता यायचं नाही. त्यांचं काम एवढंच, की या दोघांचं प्रेम जमेपर्यंत कोंडून राहायचं.

दुसरी तक्रार खलनायकाची. असल्या गोष्टींत मुली पळवणारा माणूस लांबून ओळखू येतो. गालावर व्रण, काळ्या काचांची गाडी, रुमालावर गुंगीचं औषध. आपण बेळगाव भागातल्या बायका. आपल्याला हे चित्र खरं वाटावं याची मला लाज वाटते. आपल्या जिल्ह्यातून मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत पिढ्यान् पिढ्या मुली गेल्या, त्या काय काळ्या गाडीतून गेल्या? सौंदत्तीच्या डोंगराच्या वाटेनं गेल्या. गळ्यात मोती बांधले गेले, घरच्यांनीच बांधले, आणि मग गावातलीच, 'मावशी' म्हणून हाक मारावी अशी कोणीतरी रेल्वेत शेजारी बसवून घेऊन गेली. देवदासी सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच प्रांतात होतं. कर्नाटक सरकारला १९८२ साली पुन्हा कायदा करावा लागला. पन्नास वर्षांच्या अंतरानं एकाच गोष्टीवर दोन कायदे करावे लागतात, कारण गुन्हेगार गोदामात नसतो. तो ओसरीवर बसून चहा पीत असतो.

आजही मुलगी नेणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. शहरात घरकाम मिळवून देतो म्हणणारा गावचा माणूस, ब्यूटी पार्लरमध्ये लावते म्हणणारी बाई, लांबचा काका. कायद्याला हे कळलेलं आहे. पूर्वीच्या दंडविधानाचं ३७० कलम २०१३ साली नव्यानं लिहिलं गेलं आणि आता भारतीय न्याय संहितेत ते १४३ वं कलम आहे. त्यात नुसतं पळवणं सांगितलेलं नाही. शोषण करण्यासाठी माणसाला धाक दाखवून, फसवून, आमिष देऊन किंवा आपल्या अधिकाराचा गैरवापर करून गोळा करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हाती देणं, इतकंच काय, तिला ताब्यात घेणं हासुद्धा गुन्हा आहे. आणि तिची संमती होती, ही सबब चालत नाही. हे नीट वाचा. साखळीतल्या शेवटच्या माणसालाही कायदा धरतो. कादंबरी मात्र म्होरक्याला मारून हात धुते.

तिसरी तक्रार प्रेमाची, आणि ती सगळ्यांत मोठी. या पुस्तकांत प्रेम म्हणजे धाडसाचं बक्षीस. खऱ्या धंद्यात प्रेम हा गळ असतो. मुलगा ओळख काढतो, कौतुक करतो, महिनोन् महिने फोनवर बोलतो, तिच्या घरात तिला कोणी विचारत नाही हे त्याला घरच्यांच्या आधी कळतं. मग लग्नाचं वचन, मग एक तिकीट. तिला कोणी ओढून नेत नाही. ती स्वतःच बॅग भरते. म्हणून नंतर पोलीस चौकीत आईबापांना ऐकावं लागतं, "तुमची पोरगी राजीखुशीनं गेली." संकटातून अचानक उगवणारा, कमी बोलणारा, सगळ्या जगाशी तिच्यासाठी भांडणारा तो परका पुरुष हेच तर मुलींना लावलेलं आमिष आहे. आणि आपण कादंबरीतून तेच पुन्हा मुलींच्या हातात देतो, वर छान वेष्टन घालून.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं, करमणूक आहे. असू दे की. मीही वाचते. पण करमणुकीतून माणूस धडा घेतोच, आणि आपण घेतलेला धडा कोणता? वैनींच्या घरी ते पुस्तक वाचून झाल्यावर काय ठरलं ते ऐका. कॉलेजला जाणाऱ्या पोरीनं सातच्या आत घरात यायचं आणि मोबाईल रात्री आईच्या उशाशी ठेवायचा. टोळीची भीती घेतली आपण, आणि कोंडलं कोणाला? आपल्याच पोरीला. जिला घरात मोकळेपणानं बोलता येत नाही, तीच बाहेर कोणाशी तरी बोलायला लागते, हे त्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

चौथी तक्रार धाडीची. कादंबरी जिथं संपते तिथं खऱ्या बाईची गोष्ट सुरू होते. गोव्यात वास्कोजवळ बायनाची वस्ती होती. कर्नाटक आणि आंध्रातल्या कितीतरी बाया तिथं होत्या. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सरकारनं ती वस्ती बुलडोझरनं पाडली. त्यानंतर त्या बाया, त्यांची पोरं गेली कुठं, याची आपल्यापैकी कितीजणींनी चौकशी केली? इकडं सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्या बायकांची स्वतःची संघटना आहे. त्यांचं म्हणणं किती वर्षांपासून हेच, की आम्हाला सोडवायला येण्याआधी आम्हाला विचारा. फसवून आणलेली अल्पवयीन मुलगी आणि पोट भरणारी सज्ञान बाई यांना एकाच गाडीत कोंबून सुधारगृहात टाकलं की सुटका झाली, असं होत नाही. ब्लँकेट पांघरलेल्या बाईला घरचे परत घेतील का, गाव बोलू देईल का, रोजगार कोण देईल, या प्रश्नांत पाठलाग नाही, पाऊस नाही, देखणा अधिकारी नाही. म्हणून त्यावर कादंबरी निघत नाही.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्या गल्लीत येते.

आमच्या गल्लीत एका घरात मुलाचं लग्न जमेना. मुलगा चांगला, शेती बरी, पण शेतीवाल्याला मुलगी कोण देतंय? पस्तिशी ओलांडली. मग एका मध्यस्थानं दूरच्या राज्यातून मुलगी आणली. किती रुपये दिले याचे आकडे गल्लीत हळू आवाजात फिरत होते. लग्न बस्तीत झालं, चार माणसांत. मी जेवले. तिला घरच्यांनी नवं नाव ठेवलं. कंदमुळं खायची नाहीत, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हे सगळं तिला पंधरा दिवसांत शिकवलं आणि आम्ही बायका कौतुकानं म्हणालो, "लवकर वळणाला लागली गे पोरगी." तिचं वय घरचे एकवीस सांगत. मला ती सोळा-सतराची वाटली होती. मी बोलले नाही.

एकदा दुपारी ती ताक मागायला आमच्या दारात आली. घरात कोणी नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "दीदी, यहाँ से स्टेशन कितना दूर है?" मी हसले. म्हटलं, नवऱ्याला सांग की फिरवून आणायला. तिनं आपल्या गावाचं नावही सांगितलं होतं त्या दिवशी, कुठल्या नदीकाठी आहे तेही. मी तिला ताक दिलं, वर दोन लाडू दिले आणि दार लावून घेतलं. चार महिन्यांनी ती नाहीशी झाली. गल्ली म्हणाली, दागिने घेऊन पळाली, असल्या पोरींची टोळीच असते. मीही तसंच म्हटलं. पळाली, की मध्यस्थानं परत नेऊन आणखी कुठं दिली, कोणी शोधलं नाही. आज मी तिच्या गावाचं नाव आठवायचा प्रयत्न करते. आठवत नाही. मी ते लक्षात ठेवलंच नव्हतं.

बाहेरून आलेली प्रत्येक सून विकत आणलेली असते असं मी म्हणत नाही. कितीतरी जणी सुखानं नांदतात, घर चालवतात. पण आपण विचारत नाही, हे खरं आहे. हरियाणात अशा सुनांना 'मोलकी' म्हणतात, म्हणजे मोल देऊन आणलेली. तिकडं निदान शब्द तरी आहे. आपण त्याला 'स्थळ जमवलं' म्हणतो.

आणि ही वेळ आली कुठून? २००१ च्या जनगणनेत आपला समाज साक्षरतेत देशात पहिला होता, ९४ टक्के. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालच्या जैन मुलामुलींत हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८७०. देशाचा आकडा ९२७ होता. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ झाला, तेव्हाही देशाच्या मागेच. २००१ मधली ती मुलं आज लग्नाची आहेत. मुंगी मरू नये म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या घरांत ज्या जन्मू दिल्या नाहीत, त्यांच्या जागा आता दुसऱ्याच्या गरीब पोरींनी भरायच्या. कादंबरीतल्या टोळीला गिऱ्हाईक कोण, हे तिथं कधी सांगत नाहीत. इथं सांगते. गिऱ्हाईक आपण आहोत.

आपल्या शास्त्रात अचौर्याच्या अतिचारांत 'तदाहृतादान' सांगितलंय. चोरानं आणलेली वस्तू घेणं. चोरी आपण केली नाही, आपण फक्त घेतली, ही पळवाट दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रानं बंद केलेली आहे. सोनं घेताना आपण पावती मागतो. सून घेताना?

चंदनेची कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. चेटकराजाची धाकटी मुलगी. बागेतून पळवली, रानात टाकली, भिल्लांच्या हाती लागली, तिथून कौशांबीच्या शेठजींच्या घरी. हातोहात गेली ती. शेठाणीनं संशयानं साखळदंड घातले, कोद्रवाचं अन्न दिलं. पुढं महावीरांना आहार दिला आणि साखळ्या गळून पडल्या, तिथं आपण हात जोडतो. पण कथेतली एक गोष्ट आपण घाईनं ओलांडतो. कौशांबीची राणी मृगावती ही चंदनेची सख्खी बहीण होती. बहीण राजवाड्यात आणि ही त्याच गावात साखळीत. राणीला पत्ता नाही. आजूबाजूच्या बायकांनी ती साखळी पाहिलीच असेल ना? त्यांतली एकही दारात जाऊन विचारती, की पोरी, तू कोणाची, तर तीर्थंकरांच्या येण्याची वाट बघावी लागली नसती. आणि लक्षात घ्या, त्या कथेत शेवटी चंदनेला कोणा वीराच्या मिठीत दिलेलं नाही. ती पुढं आर्यिकांच्या संघाची प्रमुख झाली. स्वतःच्या नावानं.

मी तुम्हाला कादंबऱ्या जाळा म्हणत नाही. वाचा. पण वाचून झाल्यावर गल्लीत नवी सून आली तर आधी चार गोष्टी विचारा. तिचं खरं नाव काय, वय किती, आईबापांशी ती फोनवर बोलते का, लग्नाला तिच्याकडचं कोण आलं होतं. उत्तरं देताना घरचे चिडले तर समजा, की विचारायलाच हवं होतं. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर आहे, १०९८ मुलांच्या मदतीचा. दोन्ही फुकट लागतात. भिशीच्या वहीत लिहून ठेवा. शेजारणीशी बिघडेल म्हणता? बिघडू दे. माझं कोणाशीच बिघडलं नाही, आणि त्याची किंमत ताक मागायला आलेल्या त्या पोरीनं दिली.

पुन्हा कोणी दारात येऊन स्टेशन किती लांब म्हणून विचारलं, तर मी हसणार नाही. तिला आत घेऊन बसवीन आणि आधी तिच्या गावाचं नाव कागदावर लिहून घेईन.