हुकूमशाही नेहमी शेजाऱ्याची

हुकूमशाहीवर लिहिणाऱ्या आपल्या विद्वानांची एक सोय मला फार आवडते. प्रत्येकाकडे हुकूमशाही असते ती दुसऱ्याची.

हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे १९ मार्च १९३१ ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या पोरांच्या 'बालिल्ला' कवायती पाहून भारावले आणि ते डायरीत लिहून मोकळे झाले. एका गटाला ही डायरी तोंडपाठ. पण २५ जून १९७५ चा, म्हणजे आणीबाणीचा, विषय निघाला की त्याचा घसा बसतो. दुसऱ्या गटाला आणीबाणीतली तुरुंगवारी मुखोद्गत. मुंज्यांची डायरी पुढे केली की त्याचा चष्मा सापडत नाही. सरसंघचालक देवरसांनी येरवड्याच्या तुरुंगातून इंदिराबाईंना धाडलेली पत्रंही त्याला दिसत नाहीत, ती बहुधा याच कारणाने.

इटलीतही हेच झालं. तत्त्वज्ञ क्रोचेने फॅसिझमला इतिहासातला कंस, म्हणजे मधलाच एक अपवाद, ठरवून टाकलं. १९७४ मध्ये इतिहासकार रेन्झो दे फेलिचेने मुसोलिनीच्या चरित्रातल्या एका खंडाला 'सहमतीची वर्षे' असं नाव दिलं आणि गहजब झाला. पोलिसी दंडुक्याखालची सहमती किती खरी, ही टीका रास्तच होती. पण खरं झोंबलं ते वेगळंच: लोकांनी माना डोलावल्या होत्या.

आता आमचं बघा. १९७७ च्या निवडणुकीत म्हणे जनतेने हुकूमशाही गाडली. गाडली ती उत्तरेने! आमचं खापरखेडा ज्या रामटेक मतदारसंघात येतं, तिथून काँग्रेसचे जतिराम बर्वे निवडून आले. शेजारच्या नागपुरातून गेव्ह आवारी, तेही काँग्रेसचेच. मतदान गुप्त होतं, दंडुक्याची सबब नाही. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं, म्हणजे कानावर आलं नव्हतं असंही नाही. मग का दिलं मत? 'गरिबी हटाओ'वरचा विश्वास? जनसंघाचा धाक? की पवनारहून विनोबांच्या नावाने आलेलं आणीबाणीचं 'अनुशासन पर्व' पटलं होतं? तुरुंगातल्या आठवणींनी कपाटं भरली. या मताला दोन पानं मिळत नाहीत.

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या फाटकापाशी चहा पिताना कुणी म्हातारा म्हणतो, "तेव्हा गाड्या वेळेवर धावायच्या जी." प्राध्यापक हसतात. अहो, हसता काय? तो तुमचा पुरावा आहे! तेव्हा मताचं वय २१ होतं. त्या निवडणुकीतला सगळ्यात कोवळा मतदारही आता सत्तरीला टेकलाय. विचारायचं असेल तर टेप घ्या आणि लवकर या.