चौकट वाकडी दिसू लागली तर

घरातली म्हातारी माणसे कधी म्हणतात, "दाराची चौकट मधेच वाकडी दिसते, वाचताना मधली अक्षरे पुसल्यासारखी होतात." आपण म्हणतो, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." इथेच घात होतो. मोतीबिंदूने धूसर दिसते. सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर दुखणे बहुधा डोळ्याच्या मागच्या पडद्याचे असते. त्याला थांबून चालत नाही.

पन्नाशीनंतर काहींच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. कच्च्या पाटातून पाणी पाझरते, तसे त्यांतून पाणी व रक्त झिरपते आणि पडदा जागचा उचलला जातो. उपचार लांबला तर तिथे वण पडतो. मग मधली नजर परत येत नाही.

हा पाझर शोधायला डॉक्टर दोन तऱ्हेची चित्रे काढतात. पहिली तऱ्हा १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. दंडाच्या शिरेत फ्लोरेसिन नावाचा पिवळा रंग टोचतात. काही सेकंदांत तो डोळ्यात पोचतो व फोटो घेतले जातात. पाझर असेल तिथे उजळ ठिपका दिसतो आणि पुढच्या फोटोंत तो पसरत जातो. त्या दिवशी लघवी पिवळी होते, घाबरू नये. कोणत्या औषधाचे वावडे असेल तर आधी सांगावे.

दुसरी तऱ्हा ओसीटीची, १९९१ सालची. तिच्यात सुई नाही, फक्त प्रकाश. विहिरीच्या कडेला मातीचे थर दिसावेत तसे पडद्याचे थर दिसतात. साचलेले पाणी काळ्या पोकळीसारखे दिसते. उपचारानंतर पाणी ओसरले का, हेही यावरून कळते.

उपचार म्हणजे डोळा बधिर करून डोळ्यात दिलेली इंजेक्शने. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. नजर टिकते, काहींची सुधारतेही. पण वण पडण्याआधी गेले तरच.

एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचा दोष झाकला जातो. म्हणून आजच घरातल्या वडीलधाऱ्यांना, चष्मा असल्यास तो लावून, एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकोनांकडे पाहायला सांगा. रेघा वाकल्या, मधे डाग आला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा. सोबत कुणीतरी जा, कारण थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते. आणि विडी ओढत असाल तर ती आजच सोडा. या दुखण्याला ती खतपाणी घालते.