गृहमंत्री महोदय, २३ सप्टेंबर ही तारीख आठवते?

मा. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व गृहमंत्री, मंत्रालय, मुंबई



२३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत अक्षय शिंदे चकमकीत मारला गेला. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराचा तो आरोपी. त्याच्यासाठी आमच्या लालबाग-परळात कुणी रडलं नाही, मीही नाही. माझी तक्रार आपल्या खात्याबद्दल आहे.

बरोबर दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चकमकींसाठी १६ नियम घालून दिले. ती वेळ आणली होती आपल्याच मुंबई पोलिसांनी : १९९५ ते १९९७, ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्यांकडे द्या, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करा. यात न कळण्यासारखं काय होतं?

मुंब्र्यानंतर मुंबईत 'बदला पुरा'चे फलक झळकले. त्यावर आपली छबी, हातात पिस्तूल. गृहमंत्र्यांना शोभलं बरं का!

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात आला. पाच पोलिसांवर ठपका, अक्षयने हिसकावलं म्हणतात त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नाहीत. तरी त्या पोलिसांवर गुन्हा नोंदला नाही. फेब्रुवारीत त्याच्या आईबापांनी हात टेकले, आम्हाला खटला नको म्हणाले. ७ एप्रिलला न्यायालयानेच विशेष तपास पथकाचा आदेश दिला, तर आपलं सरकार त्याविरुद्ध दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात धावलं. एवढी तत्परता गुन्हा नोंदवताना कुठे गेली होती?

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. कथित गुंड लखनभैयाची वर्सोव्यातली चकमक २००६ सालची. २०१३ मध्ये पोलिसांना जन्मठेप झाली. २०१५ मध्ये सरकारने त्यातल्या ११ जणांची शिक्षा स्थगित केली. गृहखातं तेव्हाही आपल्याकडेच होतं. तो आदेश २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. खून ठरलेल्या चकमकीतल्या पोलिसांना सोडवायला सरकारने लेखणी उचलावी, मग शिपायाने कायद्याला का भ्यावं?

यात त्या मुलींना काय मिळालं? आरोपी मेला, त्याच्यावरचा खटला संपला. उलटतपासणीत शाळेतल्या कुणाकुणाची लक्तरं वेशीवर टांगली गेली असती, तेही राहिलं.

दर १ मे रोजी आपण हुतात्मा चौकात फुलं वाहता. संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या गोळ्या खाल्लेल्यांत गिरगाव-गिरणगावची माणसं होती. गोळीचा हिशेब मागायची या वस्तीची खोड तेव्हापासूनची आहे.

म्हणून मागणी दोनच. प्रत्येक चकमकीत कोर्टाची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. आणि २०१४ पासून राज्यात किती चकमकी झाल्या, किती प्रकरणांत १६ नियम पाळले, न पाळणाऱ्या किती अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, याचा तक्ता येत्या अधिवेशनात सभागृहात ठेवा.

हे जमणार नसेल तर शिक्षा पोलीस ठाण्यातच देण्याचं विधेयक आणा. बहुमत आहेच. न्यायाधीशांचे पगार तरी वाचतील.

आपला,
गिरणगावातला एक मतदार