आईची खोली तळघरात

अमेरिकेत लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या बाईला झोपायला कुठली खोली मिळते, हे तुमच्यापैकी काहीजणींनी अनुभवलं असेल. बेसमेंट, म्हणजे तळघर. गालिचा, टीव्ही, वेगळी न्हाणी, सगळं असतं. खिडकी तेवढी वीतभर. माझी आई साताऱ्याहून आयोवात आली तेव्हा मीही तिला तीच खोली दिली. सहा महिने ती तिथे झोपली. दुपारी बाळाला घेऊन तिथेच बसायची.

रेडॉनची चाचणी मी केली ती आई परत गेल्यावर. दुकानातून कोळशाची छोटी डबी आणायची, दारं-खिडक्या बंद ठेवून दोन-चार दिवस तळघरात उघडी ठेवायची आणि टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवायची. एवढंच काम, खर्चही किरकोळ. आकडा आला लिटरमागे ९ पिकोक्युरी. ४ किंवा त्याहून जास्त असेल तर घर दुरुस्त करा, असा सरकारी सल्ला आहे.

रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात घर तापवलं की गरम हवा वर जाते आणि खालच्या मातीतली हवा फरशीच्या भेगांतून आत ओढली जाते. आयोवातल्या निम्म्याहून अधिक घरांत आकडा ४ च्या वर जातो. सिगारेट न ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचं इथलं पहिलं कारण हेच मानतात.

आणि हे कळलं कुणामुळे? आयोवा विद्यापीठाने २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फक्त बायका होत्या : फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ४१३ आणि न झालेल्या ६१४. सगळ्या एकाच घरात निदान वीस वर्षं राहिलेल्या. बायकाच का निवडल्या? कारण त्यांचा जास्त वेळ घरात जातो. ४ च्या आसपासच्या हवेत पंधरा वर्षं काढली तर धोका सुमारे दीडपट होतो, असं त्यातून निघालं.

म्हणजे मोजमापाला बाई चालते. पण चाचणी होते ती बहुधा घर विकताना, पैसे मोजणाऱ्याच्या समाधानासाठी. आम्ही भाडेकरू. मालकाला आकडा दाखवला तर म्हणाला, "आधीचे लोक सात वर्षं राहिले, कुणाची तक्रार नव्हती." ज्याला वासच नाही त्याची तक्रार कोण करणार? फरशीतून पाइप घालून, पंखा लावून ती हवा छताबाहेर सोडायची, हे हजार-दोन हजार डॉलरांचं काम. पण घर त्याचं, श्वास आमचा. नोकरीचा परवाना नसलेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी मुली दिवसभर अशाच घरांत असतात. भाडेकरारात घराचा रेडॉनचा आकडा लिहिलाच पाहिजे, असा कायदा हवा. विकत घेणाऱ्याला जी काळजी मिळते ती राहणारीला का नको?

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, माझं राहू दे, बाळाचं काय?" बाळाचा पाळणा आता वरच्या मजल्यावर आहे. मालकाला तिसरं पत्र गेलंय. आणखी दोन डब्या आणून ठेवल्यात. त्यातली एक शेजारच्या बाईंना द्यायची आहे; त्या आपल्या तळघरात पाच मुलं सांभाळतात.