जुने घड्याळ, नवे काटे

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते. १९६४ साली एडनच्या बंदरात त्यांनी ओमेगा कंपनीचे ‘कॉन्स्टेलेशन’ घड्याळ घेतले. ते पुढे काकांकडे आले. दोन वर्षांपूर्वी ते मागे पडू लागले, म्हणून काकांनी दुरुस्तीला दिले आणि देताना आवर्जून सांगितले, "अगदी नव्यासारखे करून द्या हं!" तसे ते मिळालेही. पिवळट पडलेली तबकडी पांढरीशुभ्र झाली, काटे चमकू लागले.

परवा नातीच्या प्रवेशासाठी पैसे हवे होते, तेव्हा मन घट्ट करून काका ते विकायला निघाले. जुनी घड्याळे घेणाऱ्या गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावून मिनिटभर पाहिले. "मशीन उत्तम आहे, पण तबकडी रंगवलेली आहे आणि काटे दुसऱ्याच घड्याळाचे," असे म्हणून त्यांनी जो भाव सांगितला, तो काकांच्या अपेक्षेच्या निम्माही नव्हता. "अहो, पण दुरुस्तीवाल्याने सगळे पार्ट ओरिजिनल म्हणून सांगितले होते!" काकांचा चेहरा पाहवत नव्हता.

सगळी गोची त्या ‘ओरिजिनल’ शब्दात आहे. जुन्या घड्याळातला एखादा भाग कारखान्यातून निघाला तेव्हापासूनचा असू शकतो. दुसरा, कंपनीनेच बनवलेला पण वीस-तीस वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी बसवलेला असू शकतो. तिसरा कुणा भलत्यानेच बनवलेला. पहिल्या दोघांनाही बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणतात, आणि तिसऱ्यालाही म्हणणारे कमी नाहीत! त्यामुळे नुसते "ओरिजिनल आहे ना?" असे विचारून उपयोग नाही. "घड्याळाबरोबर आलेले, की कंपनीचे पण मागाहून बसवलेले?" असेच विचारायला हवे.

आता पारख कशी करायची? दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि भरपूर उजेड एवढे पुरे. सुरुवात तबकडीपासून करा, कारण अर्धी किंमत तिथेच असते. कारखान्यातली छपाई अतिशय रेखीव असते. अक्षरांच्या कडा फुटलेल्या नसतात, रेघा सारख्या जाडीच्या असतात. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे किंचित जाड, पसरलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा आणि वर बसवलेल्या धातूच्या खुणा एका ओळीत येत नाहीत. खुणांच्या बुडाशी रंगाचा थर साचलेला दिसतो. सहाच्या खाली अगदी कडेला ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे असायला हवीत, ती गायब असतात किंवा भलतीकडेच सरकलेली असतात. आतून तबकडी काढली तर कडेला कधीकधी एक छोटी खाच सापडते. रंगवताना तबकडी नेमकी बसावी म्हणून कारागिराने ती पाडलेली असते. साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी कोऱ्या बशीसारखी असेल, तर आनंद होण्याआधी शंका यावी.

अंधारात चमकणाऱ्या घड्याळांची गंमत वेगळी. साधारण १९६०च्या सुमारापर्यंत काट्यांवर रेडियम लावत, पुढे ट्रिटियम आले. ट्रिटियमच्या तबकडीवर बहुधा ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना रोमन ‘टी’ हे अक्षर छापलेले असते. ट्रिटियमचा जोर दर बारा वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे १९७० सालचे घड्याळ आज रात्री झगझगीत उजळत असेल, तर तो लेप नंतरचा आहे, हे निश्चित. तबकडी कंपनीचीच असेलही, पण नव्वदच्या दशकानंतर बसवलेली. काटे एका रंगाचे आणि खुणा दुसऱ्याच छटेच्या असतील, तरी तेच समजावे. इथे एक सूचना: रेडियमचा लेप आज चमकत नसला, तरी त्याचा किरणोत्सर्ग संपलेला नसतो, तो शेकडो वर्षे राहतो. त्यामुळे अशी तबकडी घरी खरवडण्याचा उद्योग मुळीच करू नये.

काट्यांची लांबी पाहा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा आणि काट्यांचा रंग खुणांच्या रंगाशी जुळायला हवा. ओमेगाच्या चावीच्या गुंडीवर कंपनीचे चिन्ह असते. कंपनीच्या प्लास्टिकच्या अनेक काचांच्या मधोमध तेच चिन्ह इतके बारीक असते, की भिंगाशिवाय दिसायचे नाही. मागचे झाकण मात्र कारागिराकडूनच उघडून घ्या. त्या काळातल्या ओमेगाच्या मशीनवर तांबूस मुलामा असतो, तेव्हा मध्येच एखादी पांढरट पट्टी दिसली तर ती बाहेरून आलेली. मशीनवरचा क्रमांक २ कोटींच्या आसपास असेल, तर मशीन साठच्या दशकाच्या पूर्वार्धातले. ही तारीख घड्याळाच्या घराण्याशी, म्हणजे बिलाशी आणि आठवणींशी जुळते का ते पाहावे. जुन्या रोलेक्सचा क्रमांक सहाच्या बाजूला, पट्ट्याच्या आड कोरलेला असतो. पट्टा काढल्याशिवाय तो दिसत नाही.

बदललेला प्रत्येक भाग वाईट, असे मात्र नाही. स्प्रिंग, रबराची चकती, झिजलेली चाके बदलावीच लागतात. घड्याळ चालण्यासाठीच असते ना! काच बदलल्यानेही फारसे बिघडत नाही. पण तबकडी, काटे आणि बाहेरची केस यांना हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. केसला जोरात पॉलिश मारले की तिच्या धारदार कडा कायमच्या गोल होतात. आणखी एक अडचण आहे. स्वित्झर्लंडच्या बड्या कंपन्या आता सुटे भाग शक्यतो आपल्या मान्यताप्राप्त केंद्रांनाच देतात. मग बाहेरच्या कारागिराने खरा भाग आणायचा कुठून? मोडीत निघालेल्या दुसऱ्या घड्याळातून तरी, नाहीतर नकली. त्याच्यावर सरसकट फसवणुकीचा शिक्का मारणे मला पटत नाही. काकांनीच "नव्यासारखे करा" म्हटले होते आणि त्याने ते केले.

म्हणून दुरुस्तीला देताना तबकडीचे, काट्यांचे आणि आतल्या क्रमांकाचे जवळून फोटो काढून ठेवा. पावतीवर दोन गोष्टी लिहून घ्या: तबकडी रंगवायची नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. कंपनीच्या केंद्रात दिले, तर तिथे जुने भाग परत मिळतात की नाही, हे आधीच विचारा. सगळीकडे मिळत नाहीत.

मी काकांना घेऊन त्या कारागिराकडे गेलो. त्याने कुरकुर न करता खालच्या खणातून पत्र्याचे डबे काढले आणि अर्ध्या तासाने एका आगपेटीत कागदाच्या पुडीत जुने काटे सापडले. थोडे काळवंडलेले, पण तेच. तबकडीचे मात्र काही करता येण्यासारखे नव्हते. तिचा जुना थर खरवडूनच नवा रंग दिलेला. काटे पुन्हा बसवून घेतले, मजुरी त्याने घेतली नाही. आता काका दुसऱ्या दोन ठिकाणी भाव विचारणार आहेत. तबकडी रंगवलेली आहे, हे ते स्वतःच आधी सांगतात.